सुगीत अंडी कुठं जातात?

प्रश्न : काका, आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. परसात नऊ कोंबड्या आहेत, पाच गावठी आणि चार गिरिराजा जातीच्या. गणपतीच्या सुमारास रोज चार-पाच अंडी मिळायची. दिवाळीनंतर एखादं मिळालं तर मिळालं. खाणं कमी केलेलं नाही, उलट सुगी असल्यामुळे दिवसभर खळ्यात भात टिपत असतात. सासूबाई म्हणतात नजर लागली, विकून टाक. दुकानदार म्हणतो टॉनिक घ्या. रात्री बल्ब लावला तर उपयोग होईल का?

उत्तर : ताई, विकू नका आणि टॉनिकही आणू नका. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली तेव्हा मार्गशीर्षात हीच तक्रार घेऊन बायका यायच्या, आणि बहुतेकींच्या कोंबड्या ठणठणीत असायच्या.

आधी अंडी शोधा. मळणी झाली की परसात पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी उभी राहते. कोंबडीला तेवढी उबदार, आडोशाची जागा दुसरी मिळत नाही. मग खुराड्यातल्या टोपलीत कशाला येईल ती? आठवडाभर त्यांना सकाळी दहा-अकरापर्यंत कोंडून ठेवा; बहुतेक अंडी त्याच वेळात पडतात. गंजी मात्र काठीनं चाळवून बघा, हात घालू नका. अंडी असतील तिथं नागोबाही पाहुणा असतो. सापडलेली अंडी पाण्यात सोडा. तळाला आडवं पडलं ते ताजं, तरंगलं ते उकिरड्यावर.

तरीही हिशेब जुळला नाही तर रात्री एकेक कोंबडी काखेत धरून तपासा. दिवसा पळापळ होते, अंधारात ती मुकाट राहते. शेपटीखाली अंडं येण्याच्या जागेच्या दोन्ही अंगांना दोन टोकदार हाडं बोटाला लागतील. त्यांच्या मधे दोन बोटं ऐसपैस बसली आणि ती जागा ओलसर, सैल असली, तर ही बाई अंडी घालतेय, फक्त तुम्हाला देत नाही. एकच बोट जेमतेम मावलं, जागा सुकी नि आवळलेली असली, तुराही फिका पडून आक्रसलेला असला, तर तिनं काम बंद ठेवलंय. चारेक कोंबड्या तपासल्या की हाताला आपोआप कळायला लागतं.

आता काम बंद का? ‘उलट सुगी असल्यामुळे’ असं तुम्ही लिहिलंय, तिथंच गोम आहे. पाऊस-पाणी होतं तोवर गांडुळं, किडे, नाकतोडे मिळत होते. आता दिवसभर नुसता भात. भातात प्रथिनं शंभरात सात-आठ, आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सोळाच्या आसपास. गळ्यातली पिशवी भातानं टम्म भरली की ती किड्यामागं धावतच नाही. पोट भरलेलं, अंगात चरबी, आणि अंड्याला लागणारा माल नाही. त्यातच या दिवसांत जुनी पिसं झडून नवी येतात, आणि पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिनच. मानेवर, पाठीवर बारीक काड्यांसारखे कोंब दिसतायत का बघा. दिसले तर दोन-तीन महिने त्या कोंबडीकडून अंड्याची अपेक्षा ठेवू नका.

खळ्यावर दुपारनंतरच सोडा. संध्याकाळी भिजवलेली शेंगपेंड कोंड्यात कालवून प्रत्येकीला मूठ-अर्धी मूठ द्या. पेंडीला बुरशीचा वास असेल तर ती अजिबात नको, त्यातलं विष यकृतावर जातं. आपल्याकडच्या जुन्या बायकांची युक्ती याहून स्वस्त आहे: फुटक्या मडक्यात ओला पाचोळा आणि शेण भरून ते वाळवी असेल तिथं पालथं घालायचं. दुसऱ्या दिवशी उचललं की आतून वळवळत असतं. कोंबड्या तुटून पडतात. शेणखताचा ढीगही उकरू द्या, घरातले ओरडले तरी.

बल्बबद्दल. कोंबडीच्या कवटीतून मेंदूपर्यंत पोचणारा उजेड तिच्या अंड्याचं चक्र फिरवतो, हे खरं आहे. आपल्या भागात डिसेंबरात दिवस सव्वाअकरा तासांचा असतो, जूनमध्ये तेराचा. चौदा तास उजेड मिळाला तर अंडी टिकतात. पण बल्ब पहाटे लावा, रात्री नको. रात्री एकदम विझला की त्या आढ्यावर न चढताच अंधारात अडकतात. शिवाय रोज त्याच वेळी लागला पाहिजे, आणि आपल्याकडची लाईट तुम्हाला माहीतच आहे. गिरिराजांसाठी वाटलं तर करा. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं ती काढली, वर्षाला १३०-१५० अंडी देते. गावठी ६०-८०च देणार, तिला पहाटे चारला उठवून काय मिळणार?

गावठीचं आणखी एक. पंधरा-वीस अंडी झाली की ती खुडूक बसते. पिलं हवी असतील तर रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवा. नको असतील तर जाळीच्या तळाच्या पेटीत तीन-चार दिवस उजेडात ठेवा, दाणापाणी देत. नाकात पीस घालणं, पाण्यात बुचकळणं असले प्रकार मला पटत नाहीत.

एकदम सगळ्यांची अंडी थांबली, हिरवट पातळ शी होतेय, एखादीची मान वाकडी होतेय, असं असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. ती मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते. आजारी वेगळी करून त्याच दिवशी दवाखाना गाठा. लस आजाराआधी द्यायची असते: लासोटा नावाची लस पिलाच्या पहिल्या आठवड्यात, पुढची ती आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर.

प्रश्न : कवच इतकं पातळ येतं की हातात फुटतं. चुन्याचं पाणी देऊ का? (उचगाव)

उत्तर : पाणी नको, कोंबड्या ते पीत नाहीत, आणि पाणी कमी प्यायल्या की अंडी आणखी कमी. शिंपल्यांचं भरड कूट वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढं त्या स्वतः खातात. कवच तयार व्हायला वीस तास लागतात आणि त्यातले बरेचसे रात्रीचे, म्हणून वाटी संध्याकाळी भरलेली हवी. अंड्याची टरफलं द्यायची तर भाजून बारीक करून. अख्खी टाकलीत तर अंडी फोडून खायची सवय लागेल, आणि ती एकदा लागली की सुटत नाही.