जॉनी डॉलरचा आवाज का बदलतो?

प्रश्न : ताई, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जुनी अमेरिकी नभोनाट्यं ऐकायचा मला नाद लागलाय. पण ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या गुप्तहेर मालिकेत गोंधळ उडतो. नायक तोच, आवाज मात्र वेगवेगळे. काही भाग अर्ध्या तासाचे, तर काही ऐन रंगात आले की पाव तासात तुटतात. आणि हा माणूस सारखा टॅक्सीभाडं नि हॉटेलचं बिल काय सांगत बसतो? सुरुवात कुठून करू?
– एक श्रोता, सांगली

उत्तर : तुमच्याकडे वेगवेगळ्या काळातले भाग एकत्र आलेत. सीबीएस रेडिओवर ही मालिका १९४९ ते १९६२ अशी चालली, मध्ये वर्षभर बंदही होती. तेवढ्या काळात जॉनी सहा जणांनी रंगवला : चार्ल्स रसेल, एडमंड ओब्रायन, जॉन लुंड, बॉब बेली, बॉब रेडिक आणि मँडेल क्रेमर.

तुम्ही सरळ बॉब बेलीपासून सुरुवात करा. ऑक्टोबर १९५५मध्ये तो आला आणि निर्माता-दिग्दर्शक जॅक जॉनस्टोनने मालिकेचा साचाच बदलला. सोमवार ते शुक्रवार, रोज पंधरा मिनिटं, आठवड्याला एक प्रकरण. तुमचे ‘तुटणारे’ भाग ते हेच. अर्ध्या तासाच्या भागात अशिलाचा फोन, दोन संशयित आणि गुन्हेगार एवढंच कसंबसं मावतं. इथे सव्वा तास मिळतो, त्यामुळे एखाद्या विधवेला किंवा हॉटेलातल्या कारकुनालाही स्वतःचं असं बोलणं मिळतं. बेलीच्या आवाजात थकवा कळतो, चीड कळते, एखाद्या खोटारड्याविषयी वाटलेली कणवही कळते. माझ्या मते रेडिओवरच्या अमेरिकी गुप्तहेरांत त्याच्या तोडीचा दुसरा नाही.

आता खर्चाविषयी. जॉनी विमा कंपन्यांसाठी स्वतंत्रपणे तपास करतो. राहतो हार्टफर्डला, म्हणजे अमेरिकेतल्या विमा व्यवसायाच्या माहेरघरी. चोरीला गेलेले दागिने, जळालेलं गोदाम, संशयास्पद मृत्यू अशा दाव्यांच्या मागे तो जातो आणि शेवटी कंपनीला खर्चाचा हिशेब पाठवतो. आपण ऐकतो ती गोष्ट म्हणजे तो हिशेबच! त्यातली खुबी ऐका. ‘बाब दुसरी’ म्हणून तो विमानाचं तिकीट सांगतो आणि आपण दुसऱ्या शहरात. पुढच्या बाबीत टॅक्सी आली की कुणाच्या तरी दारात. पडदा नाही, दृश्य नाही, निवेदकाची लांबण नाही, एका आकड्यात जागा बदलते. शिवाय माणूसही कळतो, कारण हा गडी संधी मिळाली की खर्च जरा फुगवतो. शेवटी एकूण रक्कम आणि सही, ‘आपला विश्वासू, जॉनी डॉलर’, तेच मालिकेचं नाव. म्हणून ती यादी पुढे ढकलू नका, कान देऊन ऐका.

रसेलच्या काळात जॉनी बक्षिसी म्हणून चांदीचे डॉलर वाटायचा, ती लकब मला दिखाऊ वाटते. ओब्रायन दमदार आहे, पण सतत चढ्या सुरात. १९६०च्या अखेरीस निर्मिती हॉलिवूडहून न्यू यॉर्कला हलली आणि बेली मालिकेबाहेर पडला, याची हळहळ मला आजही वाटते. क्रेमरला मात्र कमी लेखू नका, त्याचा समजूतदार जॉनी ३० सप्टेंबर १९६२च्या शेवटच्या भागापर्यंत टिकला. सीबीएसचीच ‘सस्पेन्स’ ही रहस्यमय नभोनाट्यांची मालिकाही त्याच रात्री संपली. तोवर जाहिरातदार टेलिव्हिजनकडे गेले होते.

ऐकताना एक पथ्य पाळा : भाग तारखेप्रमाणे लावून घ्या. फायली नावाच्या अक्षरक्रमाने लागल्या, तर पाचवा भाग आधी वाजून खुनी कळून जाईल. पहिलं प्रकरण ‘द मॅकॉरमॅक मॅटर’ घ्या, बेलीचं पदार्पण तेच. आवडला तर त्याचीच आधीची ‘लेट जॉर्ज डू इट’ शोधा. तिथे तो जॉर्ज व्हॅलेंटाइन नावाचा खासगी गुप्तहेर आहे, आणि त्याच्या सहायिकेच्या भूमिकेत पुढे व्हर्जिनिया ग्रेग आली. हीच ग्रेग जॉनी डॉलरमध्येही वरचेवर भेटते, बऱ्याचदा निराळी बाई होऊन.