‘स्मोक ऑन द वॉटर’मधला धूर नेमका कुठला?

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवरावरचा, आणि तोही खरा. डिसेंबर १९७१ मध्ये हे गाणं करणारा ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पल सरोवराकाठच्या माँत्रो गावातल्या कसिनोत ‘मशीन हेड’ हा अल्बम रेकॉर्ड करायला आला होता. ४ तारखेला तिथे अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा सोडणारी बंदूक) झाडली, छत पेटलं आणि कसिनो जळून गेला. धूर सरोवरावर पसरला. शीर्षक बँडचा बासवादक रॉजर ग्लोव्हरला सुचलं. गाण्यातला ‘फंकी क्लॉड’ म्हणजे लोकांना बाहेर काढणारे क्लॉड नोब्स, माँत्रो जॅझ महोत्सवाचे संस्थापक.

या गाण्याचा ट्रॅक पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात वाजवला. आवाजाच्या तक्रारींमुळे पोलीस दारात! मग उरलेला ‘मशीन हेड’ रिकाम्या ग्रँड हॉटेलात, रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओवर झाला.

गिटारवर या गाण्याची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) बसवताना बहुतेक जण जाड तारांवर पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम) धरतात. तिथेच चव जाते. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर एकाच पडद्याच्या (फ्रेटच्या) जोड्या वाजवतो (० म्हणजे मोकळी तार): ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-०. पिक (तारा छेडायची चकती) नको, दोन्ही तारा बोटांनी एकदम खेचा. तरीही आवाज पोकळ वाटेल, कारण मूळ रेकॉर्डिंगमध्ये बँडच्याच जॉन लॉर्डचा ऑर्गनही तीच रिफ वाजवतो.