लिनक्स कर्नलमध्ये गोटोऐवजी गार्ड वापरावा का?
नवा ड्रायव्हर असेल तर जरूर वापरा. गोटोच्या (चूक झाली की फंक्शनच्या शेवटी साफसफाईकडे उडी मारायच्या) पद्धतीत प्रत्येक एररच्या वाटेवर अनलॉक आठवणीने लिहावं लागतं; मध्येच कुणी साधा रिटर्न घातला की म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) अडकलाच. २०२३ च्या ६.५ आवृत्तीत आलेला गार्ड (लॉक घेणारा मॅक्रो) कंपायलरच्या क्लीनअप अ‍ॅट्रिब्यूटवर चालतो: स्कोप, म्हणजे महिरपी कंसातला भाग, संपला की लॉक आपोआप सुटतं.

खरी मेख क्रमात आहे. साफसफाई घोषणेच्या उलट क्रमाने होते. ज्याची मेमरी अशीच आपोआप फ्री होते असा पॉइंटर सवयीने फंक्शनच्या सुरुवातीला नल (रिकामा) करून ठेवलात आणि गार्ड त्याखाली घेतलात, तर आधी लॉक सुटतं आणि मग फ्री होतं, तेही लॉकशिवाय! म्हणून पॉइंटर अ‍ॅलोकेशनच्याच (मेमरी मागायच्या) ओळीत घोषित करा.

एकाच फंक्शनमध्ये गोटो आणि गार्ड मात्र मिसळू नका.