वेगवेगळ्या काळातल्या सर्वोत्तम बेसबॉल टीम्स एकाच सीझनमध्ये खेळवल्या तर कोण जिंकेल?

थेट उत्तर हवं असेल तर माझं मत 1939 च्या न्यूयॉर्क यँकीजला. पण या प्रश्नाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: 1906 ची शिकागो कब्स, 1927 ची यँकीज, 1998 ची यँकीज, 2001 ची सिअ‍ॅटल मरिनर्स अशा टीम्स कॉम्प्युटरवर एकमेकांशी खेळवून खरा विजेता कळतो का? विजेता मिळतो, यात शंका नाही. फक्त तो बऱ्याचदा पहिला बॉल पडायच्या आधी, सेटिंग्जच्या स्क्रीनवरच ठरलेला असतो.

मुळात हा उद्योग बेसबॉलमध्येच एवढा का फोफावला, तर त्या खेळाची नोंद ठेवायची पद्धत. हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. त्यानं 19 व्या शतकात क्रिकेटच्या स्कोअरकार्डावरून बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’ बसवला. तेव्हापासून कोणी किती हिट मारल्या, कोणाला किती रन पडले, सगळं कागदावर आहे. शिवाय हा खेळ म्हणजे एक पिचर (बॉल टाकणारा) विरुद्ध एक बॅटर अशा हजारो सुट्या लढती. फुटबॉलसारखा गुंता नाही. त्यामुळे आकड्यांवरून मॅच पुन्हा खेळवणं सोपं जातं.

आपण शाळेत मागच्या बाकावर पुस्तकाची पानं उघडून जे बुक क्रिकेट खेळायचो, त्याचाच हा शिकलासवरलेला भाऊ. एपीबीए नावाचा खेळ 1951 मध्ये आला, स्ट्रॅट-ओ-मॅटिक 1961 मध्ये. दुसरा मला जास्त आवडतो, कारण त्यात यंत्र कसं चालतं ते डोळ्यांना दिसतं. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर कॉलम. तीन फासे टाकायचे. एक फासा वेगळ्या रंगाचा. त्यावर 1, 2, 3 पडलं तर बॅटरच्या कार्डावरचा तो कॉलम वाचायचा. 4, 5, 6 पडलं तर पिचरच्या कार्डावरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे त्या कॉलममधली ओळ. तिथं जे लिहिलंय ते झालं: आऊट, वॉक (बॅटरला फुकटात पहिला बेस), होमरन (बॉल थेट कुंपणापलीकडे). (1981 मध्ये खेळाडूंचा संप झाला तेव्हा ऑल-स्टार मॅच क्लीव्हलंडच्या रिकाम्या स्टेडियममध्ये याच फाशांवर खेळवली होती. बेसबॉलवेडे लोक कुठल्या थराला जातात ते यावरून कळेल.)

आता बेब रूथचं 1927 चं कार्ड घ्या. त्या वर्षी त्यानं 60 होमरन मारले. अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी हा एक, दुसरा नॅशनल लीग) बाकी सात टीम्सपैकी एकीचेही अख्ख्या टीमचे मिळून तेवढे नव्हते. कार्ड असं बनवलेलं असतं की 1927 च्या साधारण पिचरसमोर ठेवलं तर वर्षाला साठेक होमरन निघावेत. पण तेच कार्ड 1998 च्या यँकीजचा पिचर डेव्हिड कोन याच्या कार्डासमोर ठेवलं की त्या फाशांचा अर्थ काय? अर्ध्या वेळेला निकाल कोनच्या कार्डावरून येणार, आणि ते कार्ड 1998 च्या बॅटर्सच्या मापानं शिवलेलं. म्हणजे आपण गुपचूप असं धरून चाललोय की 1927 चा साधारण पिचर आणि 1998 चा साधारण पिचर सारख्याच ताकदीचे. सगळा घोळ इथं आहे.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे 1906 ची शिकागो कब्स. 116 विजय, 36 पराभव. एवढी टक्केवारी त्यानंतर या दोन लीगमध्ये कोणालाच जमलेली नाही. त्यांचा मोर्डेकाय ब्राऊन, लहानपणी शेतावरच्या यंत्रात उजव्या हाताची बोटं गमावलेला, त्याचा ईआरए होता 1.04. म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर जेमतेम एक रन. पण त्या वर्षी अख्ख्या लीगचाच ईआरए अडीचच्या जरासा वर होता. बॉल मऊ, एकच बॉल काळानिळा होईपर्यंत वापरायचे, होमरन हा अपघात. कब्सनी पूर्ण सीझनमध्ये 20 होमरन मारले आणि तेसुद्धा लीगच्या सरासरीपेक्षा जास्त होते!

आता सॉफ्टवेअरला सांगा की ‘प्रत्येकाला त्याच्या लीगच्या सरासरीशी तोलून 1998 च्या मैदानात उतरव’. त्या वर्षी एका टीमची सरासरी 169 च्या आसपास होती. त्रैराशिक मांडलं की कब्सचे 20 होमरन सहज 200 च्या वर जातात. बंट मारून (बॉलला नुसती बॅट टेकवून), बेस (धावायचा टप्पा) चोरून, एकेक रन खरवडून जिंकणारी टीम अचानक कुंपणापलीकडे बॉल भिरकावायला लागते. त्रैराशिक बरोबर, चित्र मात्र हास्यास्पद. आणि उलट, ‘आकडे आहेत तसे ठेव’ असं सांगितलं तर रूथच्या टीमसमोर ते 20 होमरनवाले बापुडे दिसतात, आणि ब्राऊन मात्र देव होऊन बसतो, कारण 1.04 हा आकडा कोणाच्याच आवाक्यातला नाही. दोन्ही सेटिंग्ज अप्रामाणिक नाहीत. त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. पहिली सांगते की आपल्या काळात कोण किती उठून दिसत होतं. दुसरी सांगण्याचा आव आणते की समोरासमोर कोण भारी.

कॉम्प्युटर नसेल तरी हिशोब करता येतो. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याचं एक जुनं सूत्र आहे. शिकागोची 1906 ची टक्केवारी 76.3, यँकीजची 1998 ची 70.4 (114 विजय, 48 पराभव). शिकागोचं जिंकण्याचं प्रमाण गुणिले यँकीजचं हरण्याचं: 0.763 × 0.296 = 0.226. उलट बाजूनं: 0.704 × 0.237 = 0.167. या दोघांत पहिल्याचा वाटा साधारण 57.5 टक्के. म्हणजे शंभर मॅचमध्ये शिकागो 57-58 जिंकेल. बस, एवढंच अंतर, आणि तेही दोन्ही लीग सारख्याच कठीण होत्या असं मानल्यावर.

त्या सारख्या नव्हत्या. 1906 मध्ये बोस्टनची नॅशनल लीगमधली टीम 102 मॅच हरली आणि शिकागोच्या साडेसहासष्ट मॅच मागे राहिली. 1927 मध्ये यँकीजनी सेंट लुईस ब्राऊन्सला 22 पैकी 21 वेळा हरवलं. अशी गिऱ्हाइकं समोर असली की टक्केवारी फुगतेच. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी .400 ची बॅटिंग सरासरी, म्हणजे हजार संधींत 400 हिट, का नाहीशी झाली (अमेरिकन आणि नॅशनल लीगमधली शेवटची टेड विल्यम्सची, 1941 मध्ये .406) याचं जे कारण दिलं ते इथंही लागू पडतं: खेळाचा एकूण दर्जा वाढला की वरचे आणि खालचे जवळ येतात, आणि डोंगराएवढं उंच दिसणं अवघड होतं. म्हणून 1998 चे 114 विजय मला 1906 च्या 116 पेक्षा जड वाटतात. त्या यँकीजमध्ये एकानंही 30 होमरन मारलेले नाहीत. सगळ्यात जास्त टिनो मार्टिनेझचे 28. पण बॅटिंगच्या क्रमात कुठेही भोक नाही, आणि शेवटच्या इनिंगला मारियानो रिव्हेरा. 1927 च्या बॅटर्सनी तसं काही पाहिलंच नव्हतं, कारण तेव्हा सुरुवात केलेला पिचरच बहुतेक वेळा मॅच संपवायचा. थकलेल्या पिचरला चौथ्यांदा सामोरं जाणं वेगळं, आणि ताज्या दमाच्या रिव्हेराला एकदाच सामोरं जाणं वेगळं.

मग 1939 का? फरक बघा. त्या यँकीजनी 967 रन काढले आणि 556 दिले. फरक 411. 1900 नंतर एवढा फरक कोणाचाच नाही, 1927 च्या टीमचाही नाही. आणि हे त्यांचा मोठा बॅटर लू गेरिग याच्याशिवाय! तो त्या सीझनला 8 मॅच खेळला, 2 मे ला स्वतःहून बाहेर बसला, सलग 2130 मॅचची साखळी तुटली, आणि पुढे त्याच्या आजाराचं निदान झालं. जो डिमॅजियोची सरासरी .381, शिवाय बिल डिकी, जो गॉर्डन, रेड रफिंग. बाहेरच्या मैदानांवर त्यांनी 54 जिंकल्या आणि फक्त 20 हरल्या, म्हणजे घरच्या मैदानाच्या जोरावर मोठी झालेली ही टीम नव्हे. वर्ल्ड सीरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) 4-0, आणि तेही सलग चौथं विजेतेपद. 1906 ची शिकागो आणि 2001 ची सिअ‍ॅटल, दोघींचे 116 विजय, दोघींच्या हाती शेवटी काही लागलं नाही. अर्थात त्यात नशीब किती होतं, ते लगेच पुढे.

सगळे हत्ती एकाच आखाड्यात उतरवल्यावर 110 विजय कोणाचेच होत नाहीत. लीगची सरासरी 81-81 राहणारच, कारण एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव. पहिल्यांदा असा सीझन खेळवणाऱ्याला हे पचत नाही: ‘रूथची टीम 79 मॅच हरली? सॉफ्टवेअर बोगस!’ बोगस नाही. 162 मॅचमध्ये बरोबरीच्या टीमचे विजय निव्वळ नशिबानं सहा-सात इकडे-तिकडे होतात, आणि ते अगदी नेहमीचं. बारा-तेरा झाले तरी फार नवल नाही. टीम्समधलं खरं अंतर तीन-चार विजयांचं असेल तर एका सीझनच्या तक्त्यावरून क्रम लावण्यात अर्थ नाही. हजार सीझन पळवा आणि सरासरी बघा. त्यात मजा राहत नाही, हे मान्य. मजा एकाच सीझनमध्ये असते, कारण त्यातच गोष्टी घडतात.

आता एक गोष्ट, जी बहुतेक याद्यांमध्ये सोयीस्करपणे गाळलेली असते. 15 एप्रिल 1947 ला कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला, त्याआधीच्या कितीतरी दशकांत या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना जागाच नव्हती. म्हणजे 1906, 1927 आणि (हो, माझी लाडकी) 1939, तिघीही देशातल्या कित्येक उत्तम खेळाडूंशी कधी खेळल्याच नाहीत. तुमच्या यादीत 1935 ची पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स नसेल तर ती यादी अपुरी आहे असं मी म्हणेन. जॉश गिब्सन, ऑस्कर चार्ल्स्टन, कूल पापा बेल, ज्युडी जॉन्सन, एकाच टीममध्ये. अडचण आकड्यांची आहे. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे, म्हणजे निग्रो लीगचे, अधिकृत सीझन लहान होते, उरलेला वेळ गावोगाव प्रदर्शनीय सामने. 2024 मध्ये हे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत धरले गेले आणि गिब्सनची .372 ही कारकिर्दीची सरासरी तोवर पहिल्या क्रमांकावर असलेल्या टाय कॉबच्याही वर गेली. पण थोड्या मॅचमधले आकडे नेहमीच टोकाचे दिसतात, म्हणून कार्ड बनवताना ते सरासरीकडे थोडे ओढून घ्यावे लागतात. किती ओढायचे, हा पुन्हा तुमचा निर्णय. तरी त्यांना घ्या. अंदाजानं घेतलेले क्रॉफर्ड्स हे अजिबात न घेतलेल्या क्रॉफर्ड्सपेक्षा चांगले.

स्वतः खेळवायचं असेल तर संगणकावर ‘आऊट ऑफ द पार्क’ बरं पडतं. त्यात वेगवेगळ्या वर्षांच्या टीम्स एका लीगमध्ये टाकता येतात. आठ टीम्स पुरेत. मैदान सगळ्यांना सारखं द्या. बॉल 1906 चा नको आणि 1998 चाही नको. मधला, साधारण 1970 च्या दशकातला घ्या, तेव्हा दोन्ही टोकं बरीच शांत होती. पिचरऐवजी बॅटिंग करणारा वेगळा खेळाडू (हा नियम अमेरिकन लीगमध्ये 1973 ला आला) ठेवायचा की नाही ते आधीच ठरवा, नाहीतर जुन्या टीम्सना नववा बॅटर शोधताना नाकी नऊ येतात.

आणि एक बारीक पण भांडण लावणारा मुद्दा: थुंकी लावलेला बॉल. स्पिटबॉलवर 1920 मध्ये बंदी आली, पण आधीपासून टाकणाऱ्या 17 पिचर्सना निवृत्त होईपर्यंत सूट मिळाली. त्यातला एक, अर्बन शॉकर, 1927 च्या यँकीजमध्ये होता. त्या वर्षी 18 जिंकला, 6 हरला, आणि ते हृदयविकार अंगावर काढत. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याला 1998 च्या नियमांत बसवलं तर त्याचं हत्यार काढून घेतल्यासारखं होतं. मी असा सीझन लावतो तेव्हा त्याची सूट कायम ठेवतो, मग समोर टिनो मार्टिनेझ असो नाहीतर सिअ‍ॅटलचा इचिरो.