वीज शहराच्या मालकीची असावी का? हो, पण किंमत ठरवताना डोळे उघडे ठेवा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा की तुम्ही अमेरिकेत ज्या शहरात राहता तिथला खासगी वीज कंपनीचा फ्रँचायझी करार (म्हणजे शहराच्या रस्त्यांवर तारा-खांब टाकून वीज पुरवायची परवानगी) संपत आलाय, काही नगरसेवक म्हणतायत तारा-खांब शहरानेच विकत घ्यावेत, आणि तुम्हाला भीती वाटते की सरकारी कारभार म्हणजे गोंधळ. मी वीज वितरणात बरीच वर्षं काम केलंय, माझं मत शहराच्या बाजूचं आहे, का ते सांगतो.

खासगी आली की स्पर्धा येते हे तारांच्या बाबतीत चालत नाही, कारण एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे खांब परवडत नाहीत. कंपनी आवडली नाही तर तुम्ही दुसरीकडे जाऊ शकत नाही. म्हणून दर राज्याचा आयोग ठरवतो, आणि खरी मेख इथेच आहे. कंपनीला नफा मिळतो तो गुंतवलेल्या भांडवलावर, शेअरहोल्डरांच्या पैशावर साधारण 9 ते 10 टक्के. देखभालीचा खर्च नुसता भरून मिळतो, त्यावर नफा नाही. म्हणजे जुना ट्रान्सफॉर्मर नीट सांभाळून आणखी दहा वर्षं चालवला तर कंपनीला काही सुटत नाही, तोच काढून नवा बसवला की कमाई सुरू. अ‍ॅव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी हे 1962 मध्येच मांडलं होतं. यात माणसं वाईट असतात असं अजिबात नाही हो, लाईनमन दोन्हीकडे तेवढ्याच जिवावर उदार होऊन वादळात खांबावर चढतात, पण हिशोबच तसा बांधलाय.

शहराच्या कंपनीला डिव्हिडंड द्यायचा नसतो, बाँडवरच्या व्याजाला सहसा केंद्राचा आयकर लागत नाही म्हणून कर्ज स्वस्त पडतं, आणि शिल्लक राहिली तर ती दर कमी ठेवायला किंवा शहराच्या तिजोरीत जाते. हा काही नवा प्रयोगही नाही, अमेरिकेत अशा सुमारे 2000 सार्वजनिक वीज संस्था आहेत आणि नेब्रास्का राज्यात तर घरोघरी वीज देणारी खासगी कंपनीच नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचं बघा. लोकांनी 1923 मध्ये मत देऊन सार्वजनिक वीज संस्था स्थापन केली (ती शहर प्रशासनाखाली नाही, तिचं निवडून दिलेलं स्वतंत्र मंडळ आहे), पण खासगी कंपनीने कोर्टात इतकं झुंजवलं की प्रत्यक्ष ताबा मिळायला 1946 चा डिसेंबर उजाडला. आज तिथले दर शेजारच्या पीजी अँड ई या खासगी कंपनीपेक्षा बरेच कमी आहेत. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की 1989 मध्ये तिथल्या मतदारांनी रँचो सेको हा संस्थेचा स्वतःचा अणुप्रकल्प मतदान करून बंद पाडला. निर्णय बरोबर की चूक यावर वाद घाला, पण खासगी कंपनीच्या ग्राहकाला असं मत द्यायला मिळतं का?

आता तुमची भीती. ती खोटी नाहीये. लॉस एंजेलिसच्या शहरी वीज-पाणी खात्याने 2013 मध्ये नवी बिलिंग सिस्टिम आणली, हजारो लोकांना चुकीची बिलं गेली, आणि त्या प्रकरणाच्या चौकशीतून पुढे खात्याचा माजी प्रमुख लाचखोरीत तुरुंगात गेला. म्हणजे मालकी शहराची झाली की आपोआप रामराज्य येत नाही, मंडळाच्या बैठकांना लोकांनी जाऊन बसावं लागतं, ऑडिट मागावं लागतं.

आणि विकत घेणं सोपं नाही. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने 2011 मध्ये मतदान करून सुरुवात केली, कंपनीशी वर्षानुवर्षं भांडण, वकील आणि सल्लागारांवर कोट्यवधी डॉलर गेले, शेवटी 2020 मध्ये मतदारांनी त्याच कंपनीशी पुन्हा करार मान्य केला. उलट फ्लोरिडातल्या विंटर पार्कने 2005 मध्ये ताबा घेतला आणि मग तारा टप्प्याटप्प्याने जमिनीखाली न्यायला घेतल्या. तिथे जुन्या करारातच नेटवर्क विकत घ्यायचा हक्क लिहिलेला होता, ते फार कामी आलं.

म्हणून आधी तुमच्या शहराचा करार मागवा आणि तसं खरेदीचं कलम आहे का ते बघा, किंमत लवादाने ठरणार की कोर्टाने तेही बघा. नसेल तर घाईत पुन्हा 30 वर्षांसाठी सही करू देऊ नका, थोड्या वर्षांचाच करार मागा आणि त्यात ते कलम घालून घ्या. मूल्यांकन मात्र कंपनीशी काही संबंध नसलेल्या माणसाकडूनच करून घ्या.