ही भीती खोटी नाही, मग तिचं करायचं काय?

“पाऊस आला का झोप उडून जाते, ऊन वाढलं का जीव घाबरा होते. मग वर्षातले महिने उरले किती, मॅडम?”

पश्चिम नागपुरात तळमजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. खासगी शाळेत शिकवतात. घरी नवरा, सासूबाई आणि दुसरीतली मुलगी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पण प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. मार्च लागला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी थोड्याफार फरकानं हेच विचारतात: तापमानाच्या बातम्या वाचल्या की धडधडतं, लेकरांचं पुढं कसं होईल हे डोक्यातून जात नाही, घरचे म्हणतात ‘काहून इतका विचार करते’, मला वेड तर लागून नाही राहिलं ना?

वेड लागलेलं नाही, हे आधी स्पष्ट सांगते. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात एक पाहणी आली होती. भारतासह दहा देशांतल्या, १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांना विचारलं होतं. त्यातल्या ५९ टक्के जणांना हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटत होती, आणि ४५ टक्क्यांहून जास्त जण म्हणाले की याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. जे समोर घडतं आहे त्याची भीती वाटणं हा आजार नाही.

ताईंच्या बाबतीत मात्र दोन भीती एकमेकींत गुंतल्या होत्या. पहिली होऊन गेलेल्या गोष्टीची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं पात्र सोडलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागात लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. ताईंनी अंधारात मुलीला वरच्या मजल्यावर पोचवलं, मग दोघांनी मिळून सासूबाईंना जिन्यावरून नेलं. खाली फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. तेव्हापासून रात्री पावसाचा आवाज आला की त्या ताडकन उठतात, पाय जमिनीला लावून फरशी ओली आहे का पाहतात. याला मी ‘अति विचार’ म्हणणार नाही. त्या रात्री शरीरानं जीव वाचवला आणि तेच शरीर अजून पहाऱ्यावर आहे. यावर काम करता येतं. ती रात्र सावकाश, तुकड्या-तुकड्यानं सांगणं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणं. जाग आली की खोलीतल्या वस्तू हातानं चाचपून ‘आज कोणती तारीख, मी कुठे’ हे स्वतःला सांगणं. वेळ लागतो, पण बरं वाटतं.

दुसरी भीती पुढच्या काळाची, आणि तिथं माझी भूमिका ठाम आहे. ‘काही होत नाही, चांगला विचार करा’ असं मी म्हणत नाही, कारण ते खरं नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त. काटोलला ताईंचं माहेर आहे. संत्र्याच्या मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा आणि जूनच्या पावसावर फूल धरायचं, हे त्यांच्या वडिलांचं आयुष्यभराचं गणित. पाऊस मागेपुढे होतो तसं ते चुकत चाललं आहे. हे सांगताना ताई रडल्या. त्या रडण्यात भीती कमी होती, दुःख जास्त होतं. दुःखाला उपाय सुचवायची घाई करू नये. त्या दिवशी आम्ही फक्त बागेबद्दल बोललो.

मग फोनचा विषय निघाला. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी सगळीकडे फिरली होती. ताईंनी खिडक्यांना चादरी लावल्या आणि मुलीला न्हाणीघरातसुद्धा एकटं जाऊ दिलं नाही. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. घरात मात्र तेव्हापासून त्यांचं काहीच कोणी मनावर घेईना. ‘तुझं ते छप्पन डिग्रीसारखंच,’ एवढं म्हटलं की विषय संपायचा. ५६ चुकीचं होतं हे खरंच. पण २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, तेही खरंच आहे. एक आकडा खोटा निघाला म्हणून माणसाची काळजी खोटी ठरत नाही, हे मला त्यांच्या नवऱ्यासमोर सांगायचं होतं.

ते आले, थोडे चिडूनच. “मॅडम, ही रात्रभर मोबाइलवर ढग पाहत बसते. मी काय करू?” मी विचारलं, पुरानंतर तुम्ही काय केलं? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दाराशी दोन विटांचा उंबरठा वाढवला. मीटर वर घेतलं. आईचा पलंग वरच्या काकूंकडे ठेवून दिला, म्हटलं लागला तर असू दे.” ताई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. उंबरठा वाढवला तेव्हा त्या घरीच होत्या, पण तो पाहुण्यांच्या चपला आत येऊ नयेत म्हणून, असं त्यांना सांगितलं होतं. “तू अजून घाबरशील म्हणून नाही सांगितलं ना.” एकाच घरात दोघंही घाबरलेले, आणि दोघंही आपापलं एकट्यानं. माझ्या अनुभवात माणूस सगळ्यात जास्त खचतो तो इथं.

त्यानंतर काम सोपं झालं. मारिया ओयाला या स्वीडिश संशोधिकेनं मुलं आणि तरुण ही काळजी कशी पेलतात याचा बराच अभ्यास केला आहे. काही जण ती मनाबाहेर ढकलतात, काही जण समस्येवर काही तरी करतात, आणि काही जण परिस्थिती गंभीर आहे हे मान्य करूनही भरवसा आणि अर्थ शोधतात. नुसती कृती कधी कधी थकवते, कारण प्रश्न एका माणसाच्या आवाक्यातला नसतो. अर्थाची जोड असेल तर ती टिकते.

ताईंनी हवामान दिवसातून एकदाच, सकाळी, खात्याच्या इशाऱ्यातच पाहायचं ठरवलं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवायचं, नारंगी म्हणजे तयारीत राहायचं, लाल म्हणजे लगेच हालचाल. प्रत्येक रंगाला कोणी काय करायचं हे घरात बसून ठरलं: कागदपत्रं कुठे, सासूबाईंच्या गोळ्या कुठे, वर कोणाला हाक मारायची. रंग नसेल त्या रात्री फोन स्वयंपाकघरात.

सगळ्यात मोठा फरक भिशीनं पडला. ताईंनी धीर करून तिथं विषय काढला आणि आठपैकी पाच जणी म्हणाल्या, पावसात आम्हीबी नाही झोपत. आता नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत त्यांनी गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसं वाटून घेतली आहेत. दुपारी फोन, संध्याकाळी डोकावणं, माठात पाणी आहे का, कुलर चालू आहे का. कोपऱ्यावर पाणपोईही लागली. यानं पृथ्वी थंड होत नाही, ताईंनाही ते माहीत आहे. पण लू लागून माणूस दगावतो तो अनेकदा बंद खोलीत एकटा असताना, आणि तेवढं तरी गल्लीला टाळता येतं.

मुलीनं एकदा विचारलं, “आई, मी मोठी झाल्यावर नागपूर जळून जाईल का?” मी ताईंना सांगितलं होतं की आधी तिनं काय ऐकलं ते विचारा, खोटा शब्द देऊ नका. ताई म्हणाल्या, “जळणार नाही. पण ऊन वाढून राहिलं आहे, म्हणून आपण काही गोष्टी बदलतो. तुला काय बदलावंसं वाटते?” मुलीनं शाळेच्या मैदानात सावली हवी असं सांगितलं.

एक महत्त्वाचं. लिथियम किंवा मनोविकारांवरची इतर काही औषधं चालू असतील, तर कडक उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी होणं धोक्याचं ठरू शकतं. उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा, मनानं गोळ्या बंद करू नका. आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, कामात लक्ष नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

ताई अजूनही पहिल्या जोराच्या पावसात जाग्या होतात. हल्ली नवराही उठतो. घर विकून उंचावर जावं असं नवऱ्याला वाटतं. ताईंना ही गल्ली सोडायची नाही. दोघांची कारणं रास्त आहेत. पावसाळ्यात हा निर्णय घ्यायचा नाही, दिवाळीनंतर बसून बोलायचं, एवढं सध्या ठरलं आहे.