शिलाई बाहेर द्यावी का? आधी सह्या केलेले चेक परत घ्या

पुण्यातील धायरीच्या एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. वय ४४, शाळेचे गणवेश शिवण्याचा भाड्याच्या जागेतला छोटा कारखाना, नऊ कामगार आणि वर्षाकाठी साधारण २४,००० नग. ते विचारतात : "सकाळी साडेआठपासून रात्री नऊपर्यंत मी कारखान्यातच अडकलेला असतो. २८,००० रुपये पगारावर मॅनेजर ठेवू, की शिलाईच पूर्णपणे बाहेर जॉबवर्कला देऊ? आमच्याकडे एक नग शिवायला ८५ रुपये पडतात, बाहेरचा माणूस ७० रुपयांत करून देतो, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार वाचतील." पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, त्यांनी पुढे लिहिले आहे : "पैशांची बाजू आमचे हिशेबनीस पाहतात, ते घरच्यासारखेच आहेत. सह्या केलेले काही चेक त्यांच्याकडे असतात, त्यामुळे माझा वेळ वाचतो. त्यांनीच २०२२ मध्ये चार पॉलिसी काढून दिल्या. वर्षाला ४ लाख हप्ता, बारा वर्षे भरायचा, २०४२ मध्ये एक कोटी मिळतील. त्यातून नऱ्ह्यात स्वतःचा गाळा घेईन."

शिलाईच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, परंतु ते पत्रातील सर्वांत लहान प्रश्नाचे उत्तर असेल. ज्या गृहस्थांना काजबटणाचे काम दुसऱ्याच्या हाती द्यायला धाकधूक वाटते, त्यांनी आपली सही, आपला विमा आणि पुढील वीस वर्षांची बचत मात्र महिना ३,००० रुपये घेणाऱ्या हिशेबनिसांच्या स्वाधीन केली आहे, आणि या गोष्टीबद्दल त्यांनी मला काहीही विचारलेले नाही.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच हिशेब मांडू. नगामागे सरासरी ३७५ रुपये मिळतात. त्यातून कापड २२० रुपये, बटणे, पॅकिंग व वाहतूक २५ रुपये आणि शिलाई ८५ रुपये वजा केल्यास ४५ रुपये उरतात. वर्षाचे झाले सुमारे १० लाख ८० हजार. कॅश क्रेडिटचे, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून लागेल तसे उचलायच्या कर्जाचे, व्याज साधारण दीड लाख, म्हणजे हातात येतात जेमतेम ९ लाख ३० हजार. घरखर्च महिना ४५,०००, गृहकर्जाचा हप्ता २०,०००, दोन्ही मिळून वर्षाला ७ लाख ८० हजार. उरतात दीड लाख, आणि त्यातून तुम्ही ४ लाखांचा हप्ता भरता! उरलेले अडीच लाख कोठून येतात, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे : चार वर्षांपूर्वी ६ लाखांवर असलेले कॅश क्रेडिट आज १५ लाखांवर गेले आहे. ही वाढ धंदा वाढल्यामुळे झाली असे तुम्ही लिहिता, पण नगांची संख्या तर या काळात तेवढीच आहे. बँकेकडून साडेअकरा टक्क्यांनी पैसे उचलून ते तुम्ही विमा कंपनीकडे ठेवत आहात.

विमा कंपनी त्यावर काय देते? बारा वर्षांत ४८ लाख भरून विसाव्या वर्षी एक कोटी मिळाले, तर परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या जरासा वर जातो. तोही बोनस एजंटाच्या तक्त्याप्रमाणे मिळाला तरच. तक्त्यावरचा बोनस आणि जाहीर होणारा बोनस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला पाहून गाळा विकत घेण्याची स्वप्ने पाहणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. महागाई सहा टक्के धरली, तर २०४२ मधील एक कोटी म्हणजे आजचे सुमारे ४० लाख. नऱ्ह्यातील गाळ्यांचे भाव तोपर्यंत तुमच्यासाठी थांबून राहणार नाहीत.

कर वाचतो म्हणून या पॉलिसी घेतल्या, असेही तुम्ही लिहिले आहे. जुन्या करप्रणालीत ८०सी कलमाखाली एकूण वजावट दीड लाखांपर्यंतच मिळत असे, त्यामुळे चार लाखांपैकी अडीच लाखांचा कराशी काही संबंध नव्हता. आता तर २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तुमच्या नफ्यावर एकही पॉलिसी नसती तरी कर लागला नसता.

आणि ज्यासाठी विमा घ्यायचा असतो, ते तरी साधले आहे का? चारही पॉलिसी मिळून संरक्षण ४० लाखांचे आहे. कॅश क्रेडिट १५ लाख आणि गृहकर्ज १८ लाख फेडल्यावर तुमच्या पत्नीच्या हाती सुमारे ७ लाख आणि वर थोडाफार बोनस राहील, म्हणजे सव्वा-दीड वर्षाचा घरखर्च. धंदा प्रोप्रायटरशिपचा, म्हणजे तुमच्या एकट्याच्या मालकीचा, असल्यामुळे कर्ज देणारे केवळ कारखान्यातील मशिनांपाशी थांबणार नाहीत, तुमच्या मागे राहिलेल्या सर्वच मालमत्तेवर ते हक्क सांगू शकतील. तुम्हाला दीड कोटींचा निव्वळ मुदतीचा विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) हवा, आणि तो विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली पत्नी व मुलांच्या नावे काढायला हवा, म्हणजे ती रक्कम धंद्याच्या देण्यांसाठी ओढली जात नाही. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते, मागाहून करता येत नाही. तंबाखूचे व्यसन आणि मोठा आजार नसेल, तर वर्षाला ४०-५० हजार धरून चाला. वैयक्तिक आयुर्विम्यावरील जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून उरलेला नाही.

ही नवी पॉलिसी हातात पडल्यावरच, त्याआधी मुळीच नाही, जुन्या चार पॉलिसींची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे त्या आज मोडल्यास मिळणारी रक्कम, कंपनीकडून लेखी मागवा. चार हप्ते पूर्ण झाले असल्यामुळे भरलेल्या १६ लाखांपैकी निम्मे, म्हणजे ८ लाखांच्या आसपास किंवा थोडे अधिक मिळायला हरकत नाही. त्या पेडअप करून, म्हणजे हप्ते थांबवून मुदतीपर्यंत तशाच ठेवल्या, तर सोळा वर्षांनी बोनससह १५-१६ लाख हाती येतील. ८ लाखांचे सोळा वर्षांत दुप्पट म्हणजे साडेचार टक्के. तेच ८ लाख आज कॅश क्रेडिटमध्ये भरले, तर साडेअकरा टक्क्यांचे व्याज, वर्षाला सुमारे ९० हजार, वाचते. आठ लाख बुडाले म्हणून जीव तुटेल हे मला समजते, परंतु ते २०२२ मध्येच गेलेले आहेत. अशा पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यातून एजंटाला वीस ते पस्तीस टक्के कमिशन मिळू शकते; तुमच्या बाबतीत ते ८० हजार ते १ लाख ४० हजार होते. ज्यांच्या पत्नीच्या नावावर एजन्सी आहे असे तुम्हीच लिहिता, ते हिशेबनीस वर्षाला ३६,००० रुपयांत स्वस्त पडतात, असे म्हणवत नाही.

आता शिलाईविषयी. तुमच्या ८५ रुपयांपैकी सुमारे ३० रुपये जागेचे भाडे, वीज, कटिंग मास्तरांचा आणि इस्त्री-पॅकिंगवाल्यांचा पगार यांचे आहेत, आणि शिलाई बाहेर गेली तरी हा खर्च तुमच्याकडेच राहील. खरोखर वाचणारी मजुरी ५५ रुपये आणि द्यायचे ७० रुपये, म्हणजे नगामागे १५ रुपयांचा तोटा, वर्षाला ३ लाख ६० हजारांचा. ज्या रकमेची तुम्ही बचत धरली होती, नेमक्या तेवढ्याच रकमेचा तोटा! याउलट गेल्या एप्रिल-मेमध्ये माणसे कमी पडली म्हणून दोन शाळांचे ३,००० नगांचे काम तुम्ही नाकारले. ते बाहेर शिवून घेतले असते, तर ३७५ मधून कापड, ७० रुपये शिलाई आणि इतर २५ रुपये वजा जाऊन नगामागे ६० रुपये, एकूण १ लाख ८० हजार मिळाले असते. त्यामुळे कटिंग आणि अखेरची तपासणी स्वतःकडे ठेवावी आणि हंगामात क्षमतेबाहेर जाणारी शिलाई तेवढी बाहेर द्यावी. कापड मोजून, चलन लिहून द्यावे आणि परत घेताना पुन्हा मोजावे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मॅनेजर दिवाळीच्या बोनससह वर्षाला ३ लाख ६४ हजारांना पडेल. शिवाय तो तुमच्याकडील दहावा माणूस ठरेल आणि कारखान्याला राज्य कामगार विमा योजना लागू होईल. तिचे ओझे वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास असेल. कामगारांना उपचार मिळतात म्हणून ती योजना मला नापसंत नाही, पण खर्च आधी धरलेला असावा. माझ्या मते आज मॅनेजर नको. कटिंग मास्तर अकरा वर्षे तुमच्याकडे आहेत. त्यांना महिना ८,००० वाढवून कारखान्याची देखरेख द्या, आणि हिशेबाचे काम महिना ८,००० घेणाऱ्या एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयाकडे सोपवा. दोन्हींचा खर्च वर्षाला दोन लाखांच्या आत राहतो. पॉलिसीचा हप्ता थांबल्यावर, नवा विमा आणि हे दोन खर्च धरूनही, हंगामातले जास्तीचे काम आले तर वर्षाअखेर दोन लाख उरतील. ही रक्कम मोठी नाही, मात्र कॅश क्रेडिट वाढायचे थांबेल.

मोकळा झालेला वेळ वसुलीत घाला, कारण लक्ष्मी रस्त्यावरील दुकानदारांकडे तुमचे १८ लाख चार-चार महिने पडून आहेत. उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर २०२३-२४ पासून खरेदीदाराला त्या खर्चाची करातील वजावट पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ही आठवण फोनवरून करून पाहा.

हिशेबनिसांना या महिन्याअखेर नम्रपणे निरोप द्या, परंतु क्रम चुकवू नका. आधी सह्या केलेले उरलेले चेक मोजून ताब्यात घ्या. जे सापडणार नाहीत त्यांचे क्रमांक देऊन बँकेला पैसे देणे थांबवायला लेखी कळवा. त्यानंतर जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल त्यांचा आहे की तुमचा, हे पाहून स्वतःचा करून घ्या, आणि मागील बारा महिन्यांची विवरणपत्रे खरोखर भरली गेली आहेत का, हे स्वतः उघडून तपासा, कारण थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील सगळी माहिती आणि मूळ पॉलिसी घरी आल्यावरच विषय काढा. पाचवा हप्ता ऑगस्टमध्ये आहे, त्यामुळे नव्या विम्याचा अर्ज याच आठवड्यात भरावा लागेल.